पुरणयंत्रातून काढलेला मासा

"ह्याचं डोकं कुठाय?" आबांनी विचारलं.

ताटलीत दोन गुलाबी तुकडे पडले होते. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्यांचा बर्फ उतरवला होता. आता ते घामाघूम होऊन आमच्याकडे बघत होते. म्हणजे डोळे असते तर बघत असते.

"तिकडंच राहिलं," मी म्हणालो.

"तिकडं म्हंजे?"

"नॉर्वेत."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजे डोकं एका मुलखात आणि धड एका मुलखात."

"व्हय."

"काय गुन्हा केलता त्यानं?"

आबा ताटलीभोवती अर्धी फेरी मारून बाहेरच्या सोप्यात निघून गेले. कुस्तीआधी ते समोरच्या पैलवानाला असंच बघायचे, असं जुने लोक सांगतात. फरक इतकाच की आज ते मला जरा बारीक वाटले.

आबा म्हणजे माझे वडील, पैलवान हिंदूराव खराडे. आमच्या पेठेत त्यांची मान प्रसिद्ध होती. डोकं आणि खांदे ह्यांच्यामध्ये काही आहे हे शोधावं लागायचं. आबा कुणाला भीत नाहीत, ही आमच्या घरातली सूर्य उगवतो तशी गोष्ट होती, त्यामुळे भ्यायचं सगळं खातं माझ्याकडे आलं होतं. मी पालीला भ्यायचो, इंजेक्शनला भ्यायचो आणि मुख्य म्हणजे आबांना भ्यायचो. माझं नाव धैर्यशील. ते आबांनी ठेवलं होतं आणि बारशानंतर पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास आबांच्या रक्तात चरबी सापडली आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मटण बंद केलं. दिवाळीपासून आबांचं जेवण उतरलं. आधी भाकरी गेली, मग चपाती दुधात कुस्करून सुरू झाली, मग नुसता भात आणि ताक. आवाजही खाली गेला. आई म्हणायची, "रुसलेत. बोकडासाठी रुसलेत." आम्हालाही ते पटलं. तांबड्या रश्श्याच्या विरहात माणूस घोगरा होऊ शकतो, ह्यावर कोल्हापुरात कुणी शंका घेत नाही. पुढच्या तपासणीला वजन इतकं उतरलेलं निघालं की डॉक्टर खूश झाले.

मग पुण्याहून ताई आणि दाजी थर्माकोलचा डबा घेऊन आले.

"आबा, हा सामन मासा," दाजी म्हणाले. "ह्यात चांगली चरबी असते."

"चरबी बंद केलीया मला."

"ती वाईट चरबी. ही चांगली."

"चरबीत बी आता आपली आणि परकी?" असं म्हणून आबा उठून गेले. ते पाकीट फ्रिजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे जाऊन पडलं. आईने कितीदा तरी विनवलं. आबांचं एकच उत्तर होतं, "परदेशी मढ्याला मी हात लावणार न्हाई."

अशात मावशीचं ऑपरेशन निघालं आणि आई इस्लामपूरला गेली. जाताना तिने मला दारात धरलं. "धैऱ्या, ह्यांच्या पोटात कायतरी घाल. दंडाची कातडी लोंबालीया बघ. असंच चाललं तर माणूस हातचा जाईल." ती हे हळू बोलली. आई कधी हळू बोलत नाही. मला त्या हळू बोलण्याचीच भीती वाटली.

ती एसटीत बसली असेल-नसेल, तोवर आबा सोप्यातून म्हणाले, "उद्या तो मासा कर."

मला वाटलं, मी ऐकलं ते चुकीचं. "कुठला मासा?"

"घरात किती मासं हायत?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटलीसमोर उभा होतो. आमच्या घराण्यात मासा शिजवणारा मी पहिला पुरुष होतो. पहिली बाईही मीच होतो. आमच्याकडे मटणाच्या बाहेर फारसं जग नव्हतं. भिऊन मी शेजारच्या मयेकरकाकूंना हाक मारली. त्या मालवणच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या त्याला उभं आयुष्य झालं, तरी मासे बघताना त्यांच्या तोंडात मालवणी यायची.

काकूंनी ताटलीकडे बघून पदर नाकाला लावला. मग वास येत नाही म्हणून त्या जास्तच घाबरल्या.

"ह्यो मासो?"

"हो."

"मेलो कधी?"

"माहीत नाही, काकू."

"पाकिटार तारीख आसतली."

"ती खराब कधी होणार त्याची आहे. मेला कधी त्याची नाही."

"अरे देवा." काकूंनी चार बोटं मांसावरून उलट्या दिशेने फिरवली आणि एका जागी थांबल्या. "हात दी तुझो. लागता काय?"

माझ्या बोटाला काहीतरी बारीक टोचलं. अशा कापलेल्या तुकड्यात, म्हणजे फिलेटमध्ये, काटे नसतात असं मला दाजींनी सांगितलं होतं. दाजी संगणकातले.

"चिमटो आण." आईचा भुवयांचा चिमटा मी आणून दिला. काकूंनी एकेक काटा ओढून बशीच्या कडेला मांडला. केसासारखे, पांढरे, लवचिक. "आमच्या वाडीत एकाच्या घशात असोच एक गेलो. केळी दिली, भाताचो गोळो दिलो, काय उपयोग नाय. दुसऱ्या दिवशी मान एवढी सुजली."

"मग?"

"मग काय," काकू म्हणाल्या आणि हात धुऊन घरी गेल्या. मासा आणि ते अर्धं वाक्य दोन्ही माझ्याकडे राहिलं.

मी ताईला फोन लावून फोन डब्याला टेकवून ठेवला.

"कागदाने कोरडा कर आधी," ताई म्हणाली. "पाणी राहिलं तर उकडेल, भाजणार नाही."

"केला."

"आता मीठ, मिरपूड, लिंबू, ठेचलेला लसूण थोडा."

"आणि चटणी?" चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची लाल चटणी. तिच्याशिवाय आमच्या घरात काही शिजलं तर ते आजाऱ्याचं असतं.

"चटणी घालायची नाही."

"ताई, नुसतं मीठ-मिरपूड लावून ठेवलं तर आबा मला तव्यावर घालतील."

"चिमूटभर घाल मग. दाजींना सांगू नको. तवा तापला? कातडं खाली. आणि हलवू नको, आपोआप सुटतं."

तेल चरचरलं. कडेने गुलाबी रंग फिका होत वर चढायला लागला, भिंतीला ओल चढते तसा. वास चक्क चांगला आला. आणि मग तुकड्यातून पांढरं काहीतरी बाहेर यायला लागलं.

"ताई! ह्यातनं कायतरी बाहेर यायलंय!"

"काय?"

"पांढरं. फेसासारखं. जिवंत हाय का गं हे?"

"प्रोटीन आहे ते, गधड्या. आच कमी कर."

आच कमी केली. उलटवला. ताई म्हणाली, काट्याने दाबून बघ, पाकळ्या सुटल्या की झाला. पाकळ्या सुटल्या. मी विजयी मुद्रेने एक पाकळी उचलली आणि तिच्यातून एक काटा बाहेर डोकावला. काकूंच्या हातून सुटलेला.

एक सुटला तर आणखी किती सुटले असतील? मला आबांची मान दिसायला लागली. ती सुजली तर कळणार कसं, हाही प्रश्न होता. मी फोन ठेवून दिला. सगळा मासा हाताने कुस्करला, बोटांनी चाचपला. तरी समाधान होईना. दर वेळी वाटायचं, काहीतरी टोचलं. माझंच नख असायचं.

तेव्हा मी वर बघितलं. फडताळाच्या वरच्या फळीवर आईचं पुरणयंत्र होतं.

ते पितळी यंत्र आईच्या माहेरचं. होळीला आणि बैलांच्या बेंदराला खाली यायचं, पुरण गाळायचं आणि धुऊन पुसून पुन्हा वर जायचं. एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. मी ते खाली घेतलं, सगळ्यात बारीक भोकांची चकती घातली, आत नॉर्वेचा मासा भरला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. खालून गुलाबी शेवया पडायला लागल्या. आई परत आल्यावर माझं काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं, पण ते आबांना काटा लागल्यावर होणाऱ्यापेक्षा कमी होतं. चकतीवर दोन काटे अडकून राहिले. मी ते बघून हात जोडले. नेमके कुणाला ते माहीत नाही.

मग त्यात तूप घालून जरा परतलं, लिंबू पिळलं आणि मऊ भाताबरोबर वाढलं. आता त्यात काटा असणं शक्यच नव्हतं. आयुष्यात इतकी खात्री मला कशाचीच नव्हती.

आबा पाटावर येऊन बसले. इस्त्रीचा सदरा, धुतलेलं धोतर. घरी जेवताना ते नुसत्या बंडीत बसायचे. मी म्हटलं, पाहुणा परदेशी आहे म्हणून असेल.

"हे काय? शिरा?"

"मासाच हाय. मऊ केलाय."

आबांनी वाटीत बोट फिरवलं. का कोण जाणे, त्यांचा चेहरा पडला. "काटं?"

"एक बी न्हाई."

"सगळं काढलंस?"

"सगळं."

"हं," आबा म्हणाले. मी शाबासकीची वाट बघत उभा होतो. त्यांनी चिमूटभर घास घेतला. बराच वेळ तो तोंडात फिरवला. गिळताना डोळे मिटले आणि मान जराशी उजवीकडे वळवली. मग दुसरा घास. मग हात थांबला.

त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "काटा अडकला."

मी म्हणालो, "न्हाई."

"न्हाई म्हंजे? माझा गळा हाय का तुझा?"

"पण आबा, काटा असूच शकत न्हाई."

"अडकलाय."

त्यानंतरचं मला तुकड्यांनी आठवतं. मी केळं आणलं, आबांनी ते बाजूला सारलं. मी भाताचा गोळा केला, तो जमिनीवर पडला. मयेकरकाकू दारातून "पाठीर मार, पाठीर!" म्हणून ओरडत होत्या. पैलवान हिंदूराव खराड्यांच्या पाठीत धपाटा घालायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हात उचलला. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हात खाली घेतला.

"दवाखान्यात चल," आबा म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. खांदा निखळला तेव्हा त्यांनी तो भिंतीवर आपटून बसवला होता. हा माणूस स्वतःहून दवाखाना म्हणतोय म्हणजे काटा काळजापर्यंत गेला असणार. माझी स्कूटर तीन लाथांत सुरू होणारी, त्या दिवशी तिला मी किती लाथा घातल्या देव जाणे. आबा पायात पायताण घालून शांत उभे होते.

"आपल्या डॉक्टरकडं न्हाई," ते मागं बसत म्हणाले. "घशाच्या डॉक्टरकडं."

कान-नाक-घशाच्या डॉ. मगदुमांकडे गर्दी होती. एका आजोबांच्या कानात झुरळ गेलं होतं. त्यांचा मुलगा त्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, "आप्पा, हाय का अजून?" आणि आजोबा ओरडत होते, "तू ओरडू नको, त्ये भितंय!" एरवी मी ह्यावर आठवडाभर जगलो असतो. त्या दिवशी मी फक्त आबांच्या मानेकडे बघत होतो. ती सुजत नव्हती. ती सुजलेली नव्हती म्हणून मला तिच्याकडे नीट बघता आलं, आणि पहिल्यांदा दिसलं की तिच्यात आता शिरा दिसतायत. सदऱ्याच्या गळ्यात दोन बोटं जातील एवढी जागा होती.

आत डॉ. मगदुमांनी कपाळावर दिवा ओढला. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. "काय खाल्लं होतं?"

"मासा," मी म्हणालो. "सामन."

"काटे होते?"

"होते. शेजारच्या काकूंनी काढले. मग मी भाजला. मग कुस्करला. मग पुरणयंत्रातून काढला."

डॉक्टरांनी दिवा वर केला. "कशातून?"

"पुरणयंत्रातून."

"मासा?"

"बारीक चकती लावून."

डॉक्टरांनी आबांकडे बघितलं. आबा पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. डाव चुकलेला पैलवान पंचाकडे बघतो तसं ते होतं.

"मग काटा यायचा कुठून?" डॉक्टर हसले. "काका, कधी कधी नुसतं खरचटतं आणि काटा असल्यासारखं वाटतं. आ करा." त्यांनी आत बघितलं. "काही नाही. स्वच्छ आहे. गरम पाण्याच्या गुळण्या करा, उद्यापर्यंत…"

"खाली बघा," आबा म्हणाले.

"खाली?"

"आणखी खाली. नीट बघा, डॉक्टर."

"कुठं टोचतंय?"

बाहेर झुरळवाले आजोबा ओरडले. भिंतीवर कापलेल्या घशाचं रंगीत चित्र होतं. त्या चित्राकडे बघत आबा म्हणाले, "टोचत न्हाई. अडकतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

डॉक्टरांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आधी काय अडकायला लागलं?"

"भाकरी. मग चपाती." आबांचा घोगरा आवाज त्या छोट्या खोलीत फार मोठा वाटला. "आता भात बी घुटमळतोय. माझा बाप असाच गेला. भाकरी, मग भात, मग पाणी. मी बघितलंय सगळं. तवा मी ह्याच्याएवढा होतो."

"घरी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं?" आबा म्हणाले. "आणि कसं?"

मी खुर्चीच्या मागं उभा होतो. इतके दिवस आम्ही सगळे ज्याला रुसवा म्हणत हसत होतो तो रुसवा नव्हता. आणि सकाळपासून मी ज्याला भीत होतो तो काटा आबांना हवा होता. आई घरात नसताना, तिला न कळता, भितोय असं एकदाही न म्हणता ह्या खुर्चीपर्यंत यायला त्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती. मासा खाणाऱ्या माणसालाच काटा अडकू शकतो. म्हणून त्यांनी तो परदेशी मासा मागितला होता, इस्त्रीचा सदरा घालून. आणि मी त्यांचं निमित्त बारीक चकतीतून गाळून टाकलं होतं.

डॉक्टरांनी नाकावाटे घालायची बारीक दुर्बीण काढली. "थोडं चुरचुरेल. घाबरू नका."

"मी भीत न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो भितोय." आणि असं म्हणत त्यांनी मागं हात करून माझं मनगट धरलं.

पडद्यावर आबांच्या घशाचं आतलं गुलाबी, ओलं बोगद्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. सकाळच्या ताटलीतला तोच रंग. मग पडदा एका जागी थांबला. तिथं आवाजाच्या पेटीमागं एक पांढुरका, खडबडीत उंचवटा होता. ते काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं मनगट आबांच्या पंजात होतं, आणि ज्या पंजातून म्हणे अजून कुणी सुटलं नव्हतं तो पंजा थरथरत होता. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला, न जाणो त्यांना वाटायचं की मी सुटायला बघतोय.

दुर्बीण बाहेर आली. "तुकडा काढून तपासायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्याआधी मी काही नाव घेणार नाही. पण लहान आहे. आणखी काही महिने थांबला असतात तर मी हे बोललो नसतो. काटा अडकला ते बरं झालं."

"काटा न्हवताच की," आबा म्हणाले.

"माझ्या कागदावर आहे," असं म्हणून डॉक्टरांनी खरंच तसं लिहिलं.

पुढचं सांगायचं तर तुकडा तपासला, नाव कळलं, मिरजेच्या खेपा झाल्या, किरणांचा शेक देताना आबांच्या मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. ते सगळं झालं आणि आबा राहिले. आज त्यांचा आवाज अर्धाच आहे, पण तालमीतल्या पोरांना शिव्या द्यायला तो पुरतो. आईला पुरणयंत्राचं कळलं तेव्हा ती रडली, आणि नेमकी कशासाठी ते अजून ठरलेलं नाही.

पण त्या दुपारी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या बाहेर ऊन होतं. झुरळ निघालेले आजोबा रसाच्या गाड्यावर बसून मुलाला सगळं पुन्हा सांगत होते. मी स्कूटरची किल्ली लावायचा प्रयत्न करत होतो आणि ती भोकात जात नव्हती.

"भ्यालास?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"लई?"

"लई."

आबांनी रस्त्याकडे बघितलं. एक ट्रक गेला, एक रिक्षा गेली. त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, लावली आणि हात तिथंच ठेवला.

"मी बी," ते म्हणाले.

मग ते मागं बसले. मी लाथ मारली, पहिल्याच लाथेला स्कूटर सुरू झाली. वळणाशी आल्यावर खांद्यामागून त्यांचा आवाज आला, इतका हळू की मला गाडी जवळजवळ थांबवावी लागली.

"सावकाश चालव रं."